तळघराला घाम फुटतो तेव्हा

जूनच्या शेवटी आई राजापूरहून आमच्याकडे न्यू जर्सीला आली आणि दुसऱ्याच दिवशी बेसमेंटच्या जिन्यात नाक मुरडून उभी राहिली. "अगं, कसला हा कुबट वास! खिडक्या उघड. वारा लागला की सुकेल सगळं." छताला लागून चार बुटक्या खिडक्या आहेत, त्या चारही मी उघडल्या. तिसऱ्या दिवशी पाण्याच्या पाइपावरून थेंब टपकत होते, आणि कोपऱ्यातल्या खोक्याला खालून हात लावला तर पुठ्ठा भिजलेल्या पापडासारखा लिबलिबीत लागला.

बाहेर त्या दिवशी ३० अंश सेल्सिअस तापमान आणि ७० टक्के सापेक्ष आर्द्रता होती. अशा एक घनमीटर हवेत साधारण २१ ग्रॅम वाफ असते. तळघराची भिंत मात्र मातीत गाडलेली. हिवाळ्यातला गारठा माती महिनोन् महिने धरून ठेवते, त्यामुळे जूनमध्येही भिंतीचा दगड जेमतेम १७ अंशांवर असतो, आणि १७ अंशांच्या हवेला घनमीटरमागे साडेचौदा ग्रॅमपेक्षा जास्त वाफ पेलवत नाही. उरलेल्या सहा-साडेसहा ग्रॅमचं पाणी होतं. आमचं तळघर सुमारे १२५ घनमीटरचं. म्हणजे आतली सगळी हवा एकदा बदलून थंड झाली तर पाऊण लिटरच्या वर पाणी! सगळीच हवा भिंतीला टेकून थंड होत नाही, त्यामुळे प्रत्यक्षात गळतं ते यापेक्षा कमी. पण उघड्या खिडक्यांतून हवा दिवसभर बदलत राहते, आणि खोकं भिजायला तेवढं पुरतं.

आईला हे पटायला दोन मिनिटंही लागली नाहीत. "म्हणजे मिरगाच्या तोंडावर आपल्या ओटीवरच्या फरशीला घाम सुटतो, तसंच की." तसंच. समुद्रावरून दमट वारा आला की त्याच्या दवबिंदूपेक्षा, म्हणजे ज्या तापमानाला त्यातल्या वाफेचं पाणी व्हायला लागतं त्यापेक्षा, थंड असलेल्या प्रत्येक वस्तूवर पाणी धरतं. फरक जमिनीचा आहे. काही मीटर खोल गेलं की जमिनीचं तापमान त्या गावच्या वर्षभराच्या हवेच्या सरासरीजवळ स्थिरावतं. राजापूरकडे ही सरासरी २६-२७ अंशांच्या घरात, आमच्याकडे १२-१३. तिकडे फरशी हवेपेक्षा थोडीशीच थंड असते आणि एखाद्या दिवसात कोरडी होते. इकडे उन्हाळाभर हा घाम चालू राहतो. थंडीत मात्र आईचा उपाय इथेही चालतो, कारण गोठवणारी हवा इतकी कोरडी असते की ती आत येऊन ओल शोषूनच घेते.

मुळात एवढा खड्डा इथे खणतात तरी कशाला? कोकणात आपण उलट करतो, जोतं जितकं वर घेता येईल तितकं घेतो. इथलं कारण बर्फ. गोठताना पाण्याचं आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढतं, आणि पायाखालची ओली माती गोठली तर ती अख्खं घर उचलते. म्हणून पाया गोठणरेषेच्या खाली न्यावा लागतो, न्यू जर्सीत जवळपास ३ फूट. तेवढं खणलंच आहे तर आणखी चार फूट खणून कोळशाची भट्टी आणि कोळसा ठेवायला जागा करून घ्यायची, असा जुन्या लोकांचा हिशोब. आमचं घर १९११ सालचं. पुढच्या अर्ध्या भागाचा पाया ओबडधोबड दगड चुन्यात बसवून केलेला, मागचा अर्धा नंतर काँक्रीटमध्ये वाढवलेला. ते बेसमेंट आम्हाला 'फिनिश' करायचं होतं, म्हणजे भिंती झाकून, जमीन करून राहण्याजोगं.

बोलावलेल्या कॉन्ट्रॅक्टरने दहा मिनिटांत उपाय सांगितला: सगळीकडे वॉटरप्रूफ रंग, पुढे लाकडी चौकट, त्यात फायबरग्लासच्या गाद्या, वर प्लॅस्टिक आणि ड्रायवॉल, म्हणजे जिप्समचे तक्ते. पाणी नेमकं कुठून येतंय, हे त्याने विचारलंच नाही. ते शोधायला फार काही लागत नाही. हातभर अ‍ॅल्युमिनियम फॉइल चारही कडांनी चिकटपट्टी लावून भिंतीवर एक दिवस ठेवायचा. खोलीच्या बाजूला थेंब आले तर पाणी हवेतलं, फॉइलच्या मागे आले तर भिंतीतलं. आमच्या काँक्रीटच्या भिंतीवर थेंब पुढच्या अंगाला होते. जमिनीवरच्या फॉइलखाली मात्र काळपट ओला चौकोन उमटला.

जमिनीतली ही ओल केशाकर्षणाने चढते. नळी जितकी बारीक तितकं पाणी वर चढतं, हा नियम इंग्लंडमध्ये जेम्स ज्युरिनने अठराव्या शतकाच्या सुरुवातीला मांडला. १० मायक्रॉन त्रिज्येच्या नळीत पाणी दीड मीटर चढेल, आणि काँक्रीटमधली बरीचशी छिद्रं याहून कितीतरी बारीक असतात. भिंतीतून सतत बाष्पीभवन होत असतं म्हणून, नाहीतर ओल थेट माडीपर्यंत पोचली असती. जिथे पाणी उडून जातं तिथे त्यातले क्षार मागे राहतात. भिंतीवर गुडघाभर उंचीला दिसणारी पांढरी, भुसभुशीत पावडर ती हीच. आपण म्हणतो भिंतीला लोणा लागला.

वॉटरप्रूफ रंगाची गोची इथेच होते. पाणी बाहेर येणं थांबत नाही, ते रंगाच्या मागे येऊन थांबतं. क्षारांचे स्फटिक दगडाच्या छिद्रांतच वाढू लागतात आणि वरचा पापुद्रा ढकलून काढतात. चुन्याच्या भिंतीतल्या दगड-विटांमधल्या फटी सिमेंटने भरल्या तरी हेच घडतं. पूर्वी ओल मऊ चुन्यातून निघून जायची, आता ती दगड-विटेतून वाट काढते आणि वीट फुटते. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांना घाण्यात दळलेल्या चुन्यावर सिमेंटचा गिलावा चढवला की दोन-चार पावसाळ्यांत तो पोकळ वाजायला लागतो, तो यामुळेच.

फायबरग्लासचं गणित आणखी वाईट. त्यातून उष्णता अडते, पण हवा आरपार जाते. दमट हवा गादीतून मागच्या थंड काँक्रीटला जाऊन भिडते, तिथे पाणी होतं, आणि प्लॅस्टिकमुळे ते सुकत नाही. ड्रायवॉलला दोन्ही बाजूंनी कागद असतो, म्हणजे बुरशीला आयतं जेवण. भिजलेली वस्तू २४ ते ४८ तासांत सुकली नाही तर बुरशी धरते. बंद भिंतीच्या आत कोण बघायला जातंय?

आम्ही सुरुवात घराबाहेरून केली. १०० चौरस मीटर छपरावर २५ मिलिमीटर पाऊस पडला की अडीच हजार लिटर पाणी होतं, आणि आमच्या पन्हळीचा पाइप ते सगळं पायाच्या कोपऱ्यातच ओतत होता! दोन मीटरचा जादा तुकडा जोडला, भिंतीलगत माती टाकून बाहेरच्या बाजूला उतार दिला. आख्ख्या कामातलं सर्वांत स्वस्त काम हेच, आणि सर्वांत गुणकारीही. मग मागच्या काँक्रीटवर थर्माकोलच्या जातीचा कडक फोम थेट चिकटवला आणि सांधे टेपने बंद केले, म्हणजे दमट हवेला थंड भिंत सापडतच नाही. आगीच्या नियमामुळे फोमवर ड्रायवॉल लावावीच लागते. ती जमिनीपासून अर्धा इंच वर ठेवली. फरशीखाली बारीक फुगवट्यांची प्लॅस्टिकची चादर, म्हणजे जमिनीतली ओल फरशीला लागत नाही.

खिडक्या आता मे ते सप्टेंबर बंद. ६० टक्क्यांच्या आत आर्द्रता ठेवायला डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल काढणारा यंत्रडबा, आहे. तो आतून फ्रिजच, थंड नळ्यांवर वाफ गोठवत नाही, फक्त द्रवरूप करतो. वाफेचं लिटरभर पाणी होताना विजेच्या मापात सुमारे ०.६८ युनिट उष्णता सुटते, ती खोलीतच राहते, वर कंप्रेसरची भर. त्यामुळे खोली जराशी ऊबदार होते, आणि तळघरात ती हवीच असते.

एक गोष्ट मात्र भिंती झाकण्याआधी करायची, रेडॉनची चाचणी. ज्या भेगांतून ओल येते त्यांतूनच जमिनीतल्या युरेनियमपासून तयार होणारा हा किरणोत्सर्गी वायूही येतो. १९८४ साली शेजारच्या पेनसिल्व्हेनियात अणुवीज प्रकल्पातला एक अभियंता कामावर पोचला की किरणोत्सर्ग शोधणारी यंत्रं वाजायची. दोष प्रकल्पाचा नव्हता, रेडॉन त्याच्या घरात भरलेला होता. त्याच खडकांचा पट्टा न्यू जर्सीतही येतो. आमच्याकडे लिटरमागे ४ पिकोक्युरी (किरणोत्सर्ग मोजायचं एकक) या मर्यादेपेक्षा कमी निघाला, म्हणून पुढे गेलो.

पुढचा दगडी अर्धा भाग झाकलाच नाही. तिथे कपडे धुण्याचं मशीन आणि आईने आणलेल्या कोकमाच्या बरण्या आहेत. दर ऑक्टोबरात मी खराट्याने भिंतीवरचा लोणा झाडते. पहिल्या वर्षी सुपलीभर निघाला होता, यंदा दोन मुठी.