आरोग्य कर्मचाऱ्यांवरील हिंसा आणि प्रशिक्षण : पार्श्वभूमी

आरोग्य कर्मचाऱ्यांना हल्ल्याचा सामना करायला शिकवण्याची एक जुनी वाट मनोरुग्णालयांतून आली आहे आणि तिथेही ती विद्या उसनी घेतलेली होती. ब्रिटनमध्ये तुरुंगातील पहाऱ्यासाठी बेतलेली, माणसाला जखडून ठेवण्याची तंत्रे १९८०च्या दशकात कडक सुरक्षेच्या मनोरुग्णालयांतील परिचारकांना शिकवली जाऊ लागली. रुग्ण मुळात का चिडला, हा प्रश्न त्या शिकवणीत मागे पडत असे. अशा पकडीत काही रुग्णांचे जीव गेले, त्यानंतर बोलून प्रसंग निवळवण्याच्या कौशल्याला अभ्यासक्रमात हळूहळू वजन आले. मनोरुग्णालयांतील बळाच्या वापरावर तेथे स्वतंत्र कायदा होण्यास मात्र २०१८ साल उजाडले.

सर्वसाधारण रुग्णालयांकडे लक्ष वळले ते १९९०च्या दशकात. अमेरिकेत १९९६ मध्ये आरोग्य आणि समाजसेवा क्षेत्रांसाठी मार्गदर्शक तत्त्वे निघाली. ती बंधनकारक नव्हती. २०१५च्या सुधारित आवृत्तीत व्यवस्थापनाची बांधिलकी, कामाच्या जागेची तपासणी आणि धोका कमी करण्याचे उपाय यांच्यानंतर, चौथ्या क्रमांकावर प्रशिक्षण येते. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो, कारण अंधारी मार्गिका किंवा रात्रपाळीला एकटी ठेवलेली परिचारिका ही अडचण वर्ग घेऊन सुटत नाही.

सर्वाधिक वाद झाला तो ब्रिटनमध्ये १९९९ साली जाहीर झालेल्या ‘शून्य सहनशीलता’ मोहिमेवर. या शब्दाने सुरुवातीपासूनच दोन अर्थ वाहिले. मार खाणे हा नोकरीचाच भाग आहे असे समजून कर्मचाऱ्याने गप्प बसू नये, हा पहिला अर्थ. तो कर्मचाऱ्याला आणि त्याच्या वरिष्ठांना उद्देशून होता. हिंसक वागणाऱ्याला माफी नाही, हा दुसरा; तो रुग्णांना आणि नातेवाइकांना उद्देशून होता. भिंतींवरच्या फलकांमुळे दुसराच अर्थ लोकांच्या मनात ठसला. पण स्मृतिभ्रंश झालेल्या किंवा तापाच्या भ्रमात असलेल्या रुग्णाने हात उगारला, तर त्याला हे सूत्र कसे लावायचे? हिंसा म्हणजे अपराध, असे शिकलेली परिचारिका अशा वेळी ‘त्याचा काय दोष’ म्हणते आणि घटना नोंदवतच नाही. २००१ मध्ये हिंसक रुग्णाला उपचार नाकारण्याची मुभा दिली गेली, तेव्हा गंभीर मानसिक आजार असलेल्यांना तीतून वगळावे लागले.

या मोहिमेचे उद्दिष्टही मला चुकीचे वाटते. घटना २००१ पर्यंत २० टक्क्यांनी आणि २००३ पर्यंत ३० टक्क्यांनी कमी करायच्या, असे ठरले होते. प्रत्यक्षात २००१-०२ मध्ये नोंदलेल्या घटना सुमारे ९५ हजारांवर गेल्या. यातली काही वाढ नोंदणी सुधारल्यामुळे होती. घडलेले कळवा, असे एकीकडे शिकवायचे आणि कळवलेल्या घटनांचा आकडा घटला तरच यश मानायचे, या दोन गोष्टी एकत्र नांदू शकत नव्हत्या.

दरम्यान २००२ मध्ये आरोग्य क्षेत्रासाठी संयुक्त आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक चौकट तयार झाली होती. कामाच्या ठिकाणच्या हिंसेबद्दलच्या २०१९च्या आंतरराष्ट्रीय करारात हिंसा आणि छळ यांची व्याख्या एकत्र केली गेली आणि शारीरिक इजेसोबत मानसिक हानीही तीत आली. त्याआधी कॅलिफोर्नियात २०१४च्या कायद्यावर आधारलेले नियम २०१७ पासून लागू झाले. अभ्यासक्रम आखताना कर्मचाऱ्यांना सहभागी करून घेणे आणि प्रशिक्षणात प्रश्न विचारण्याची संधी देणे त्यांनी सक्तीचे केले. नुसती चित्रफीत दाखवून सही घेणाऱ्यांना त्यामुळे पळवाट उरली नाही.

उपलब्ध अभ्यासांचा २०२० मध्ये एक पद्धतशीर आढावा घेण्यात आला. प्रशिक्षणाने माहिती निदान काही काळ वाढते, पण हल्ल्यांची संख्या घटत असल्याचे दिसत नाही, असे त्यात आढळले आणि उपलब्ध पुरावा कमकुवत असल्याचेही त्यात नमूद आहे. प्रशिक्षण निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ मी लावत नाही. शिकवल्यामुळे नोंदीच वाढतात, हा १९९९चा पेच अशा मोजमापातही शिल्लक असतो. २०२२ पासून अमेरिकेत ‘जॉइंट कमिशन’ या संस्थेचे मानांकन घेणाऱ्या रुग्णालयांना नेमणुकीच्या वेळी आणि त्यानंतर दरवर्षी हे प्रशिक्षण द्यावे लागते, आणि घटनांची नोंद व तपासणी ही त्याच मानकांतली वेगळी अट आहे.