गाठ उजळवणाऱ्या रंगाची पार्श्वभूमी

मेडिकलच्या किंवा तुकडोजी कर्करोग रुग्णालयाच्या ओपीडीत खर्ऱ्यापायी (तंबाखू-सुपारीच्या मिश्रणापायी) तोंड उघडेनासं झालेला माणूस दिसणं नागपूरकरांना नवं नाही. तोंडाच्या कर्करोगात सर्जनपुढचा पेच म्हणजे गाठीची कड. जास्त कापलं तर जीभ-जबडा जातो, कमी कापलं तर रोग उरतो.

गाठ रंगवून ओळखायची कल्पना जुनी आहे. अमेरिकेत जॉर्ज मूर यांनी 1948 मध्ये मेंदूच्या गाठींसाठी फ्लुओरेसिन हा प्रकाश पडला की चमकणारा रंग वापरला. पण त्याचा हिरवा प्रकाश रक्त-मांसातून फारसा बाहेर येत नाही. 700 ते 900 नॅनोमीटर तरंगलांबीचा, म्हणजे लालच्या पलीकडचा प्रकाश त्याहून आत पोचतो, आणि कोडॅक या फिल्म बनवणाऱ्या कंपनीत जन्मलेला इंडोसायनिन ग्रीन हा रंग याच पट्ट्यात चमकतो. त्याला 1959 मध्ये मान्यता मिळाली, तीही हृदय-यकृताचं काम तपासण्यासाठी. शिरेत टोचला की तो रक्तातल्या अल्ब्युमिनसारख्या प्रथिनांना चिकटतो, पण यकृत तीन-चार मिनिटांत निम्मा उचलून नेतं. म्हणजे प्रथिनाचं वाहन पहिल्यापासून होतंच, फक्त प्रवास फार छोटा.

जपानमध्ये मात्सुमुरा आणि माएदा यांनी 1986 मध्ये दाखवलं की अल्ब्युमिनला चिकटलेला इव्हान्स ब्लू हा निळा रंग उंदरांच्या गाठीत साचून राहतो. तिथल्या रक्तवाहिन्या गळक्या आणि लसिकेचा निचरा कमजोर. 2005 मध्ये अल्ब्युमिनच्या सुमारे 130 नॅनोमीटरच्या कणांत बसवलेलं पॅक्लिटॅक्सेल हे कर्करोगाचं औषध बाजारात आलं, तेव्हा ही वाट माणसांतही चालू शकते असं वाटू लागलं.

मग औषधाऐवजी रंगच अशा कणांत भरून गाठीपर्यंत न्यायचा. असे कण बनवायला फार अवजड यंत्रं लागत नाहीत. अल्ब्युमिनच्या द्रावणात रंग मिसळायचा आणि ढवळत ढवळत अल्कोहोल थेंबथेंब सोडायचं. द्रावण गढूळ झालं की कण तयार होऊ लागले समजायचं. ते विस्कटू नयेत म्हणून किंचित ग्लुटराल्डिहाइड हे प्रथिनं एकमेकांना बांधणारं रसायन, आणि ते विषारी म्हणून नंतर नीट धुणं. फेरिटिन या लोह साठवणाऱ्या प्रथिनाची तऱ्हा वेगळी: 24 तुकड्यांची, 12 नॅनोमीटरची पोकळ डबी, आम्लात उघडते, आम्ल उतरवलं की पुन्हा मिटते आणि रंग आत अडकतो.

गळक्या वाहिन्यांवर मात्र फार विसंबू नये. 2016 च्या एका आढाव्यात टोचलेल्या कणांपैकी मध्यक 0.7 टक्केच गाठीत पोचल्याचं दिसलं, आणि ते प्रयोगही मुख्यतः उंदरांवरचे. औषधाचं एवढ्यावर भागत नाही. रंगाचं, माझ्या मते, भागू शकतं, कारण गाठ आणि शेजार यांत फरक दिसला तरी पुरे. तरी 2021 मध्ये अंडाशयाच्या कर्करोगासाठी मान्यता मिळालेला पाफोलासायानिन हा चमकणारा रंग कणाविनाच आला: फोलेट या जीवनसत्त्वाला जोडलेला साधा छोटा रेणू.