खुडूक कोंबडी अंडी सोडून का उठली?

गेल्या उन्हाळ्यात आमची एक गावठी कोंबडी बारा अंड्यांवर खुडूक बसली. अकराव्या दिवशी उठली ती परत बसेचना. दिवसा धरून पंख उचलून पाहिले, मानेची पिसं फिस्कटून पाहिली, अंगावर काहीच नाही. तुरा मात्र धुतल्यासारखा फिका. त्या रात्री साडेनऊला टॉर्च घेऊन खुराड्यात शिरलो आणि बसायच्या दांडीच्या खालच्या अंगानं बोट फिरवलं. बोटावर रक्ताची रेघ उमटली.

दांडीखाली दडलेल्या या बारीक जिवाला गावाकडे आम्ही सरसकट ‘पिसवा’ म्हणतो, पण हा आठ पायांचा कोळी (जाळं विणणारा नव्हे, इंग्रजीत ‘माइट’). शास्त्रीय नाव डर्मानिसस गॅलिनी. जेमतेम मिलिमीटरभर लांब, उपाशी असला की राखाडी, प्यायला की लाल. दिवसभर लाकडाच्या फटीत दडतो, रात्री कोंबडीवर चढून रक्त पितो आणि पुन्हा फटीत. उकाड्यात अंड्यापासून पूर्ण वाढ व्हायला त्याला आठ-दहा दिवस पुरतात, आणि कोंबडी नसली तरी तो कित्येक महिने तग धरतो. म्हणजे खुराडं महिनाभर रिकामं ठेवून काही साधत नाही. खुडूक कोंबडी तर रात्रंदिवस एकाच जागी, त्याच्या पंगतीला आयतीच बसलेली.

याचा मोठा भाऊ म्हणजे कोंबडीची गोचीड, अर्गास पर्सिकस. चपटी, लिंबाच्या बीएवढी, तीही रात्रीचीच. ती नुसतं रक्त पीत नाही, बोरेलिया अन्सेरिना नावाचे मळसूत्री जिवाणू कोंबडीच्या रक्तात सोडते. मग ताप, हिरवट विष्ठा, पाय लुळे. हे पाहून लोक ‘मानमोडी आली’ म्हणतात आणि हातपाय गाळून बसतात. मानमोडी, म्हणजे राणीखेत, विषाणूनं होते. त्यावर लस आहे, औषध नाही. गोचिडीचा हा ताप मात्र वेळेत ओळखला तर पेनिसिलिननं बरा होतो. फटीत गोचीड सापडली की नाही, एवढ्यावर डॉक्टरांची अर्धी शंका फिटते.

अशा वेळी कोंबडीला पावडर चोळणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी. औषध लाकडाला हवं. कोंबड्या बाहेर काढायच्या, पेंढा जाळायचा, फटींवरून फ्लेम गनची ज्योत फिरवायची (खुराडं लाकडी असेल तर पाण्याची बादली शेजारी ठेवून). ते जमत नसेल तर डॉक्टरांनी सांगितलेलं कीटकनाशक सांगितलेल्या प्रमाणातच फटीत फवारायचं आणि ते पूर्ण वाळल्यावरच कोंबड्या आत घ्यायच्या. आठ-दहा दिवसांनी पुन्हा तेच, कारण पहिल्या खेपेला कोळ्यांची अंडी वाचलेली असतात.

उवांचं नेमकं उलट. त्या सगळं आयुष्य कोंबडीच्या अंगावरच काढतात, खाली पडल्या की आठवडाभरात मरतात. शेपटीखाली, गुदद्वाराभोवतीची पिसं बाजूला करा. पिवळसर उवा पळताना दिसतील आणि पिसांच्या बुडाशी लिखांचे पांढरे पुंजके. इथे उपचार कोंबडीवरच, तोही दहा दिवसांनी पुन्हा. आजी चुलीची राख कोपऱ्यात टाकायची आणि कोंबड्या त्यात लोळायच्या. तिला शास्त्र ठाऊक नव्हतं, पण धुळीत लोळणं हीच कोंबडीची आंघोळ असते.

पोटातल्या परजीवींचा हंगाम मात्र पावसाळा. तीन ते सहा आठवड्यांची पिल्लं पंख पाडून, डोळे मिटून कोपऱ्यात उभी आणि खाली रक्त, तर ती रक्ती हगवण, म्हणजे कॉक्सिडिया. आयमेरिया नावाचे हे एकपेशीय जीव आतड्याच्या पेशीत शिरून त्या फोडतात. विष्ठेतून पडणारी त्यांची बीजं लगेच बाधत नाहीत. त्यांना ओल, ऊब आणि हवा लागते. ती मिळाली की एक-दोन दिवसांत तयार. नेहमीच्या फिनेलला ती दाद देत नाहीत. जमीन कोरडी ठेवणं आणि सांडत्या पाण्याच्या भांड्याखालचा तूस रोज बदलणं, याचा उपयोग जास्त. थोडीथोडी बीजं पोटात गेलेली पिल्लं पुढे आयमेरियाच्या त्या जातीला पुरून उरतात, त्यामुळे निर्जंतुक अंगणाचा हट्ट नको.

औषध म्हणून बहुधा अ‍ॅम्प्रोलियम देतात, पाण्यातून. त्याची रेणूरचना ब-1 जीवनसत्त्वासारखी असते. परजीवी फसतो, खरं ब-1 त्याला मिळत नाही आणि त्याची उपासमार होते. गंमत अशी की पिल्लं अशक्त झाली म्हणून आपण त्याच पाण्यात जीवनसत्त्वांचं टॉनिक घालतो, म्हणजे परजीवीलाही जेवू घालतो. टॉनिक औषधाचा कोर्स संपल्यावर द्या.

एक गैरसमजही काढून टाकू. कोंबडी अधूनमधून तपकिरी, चिकट, घाण वासाची विष्ठा टाकते. ती आंधळ्या आतड्यातली असते आणि अगदी निरोगी असते. तिला हगवण समजून औषध पाजू नका.

जंतांचं औषध घेतानाही विचारावं लागतं, ‘कोणता जंत?’ पायपरेझिन बोटभर लांबीच्या गोल जंतावर चालतं, तेही मुख्यतः वाढ झालेल्यांवर. विष्ठेत तांदळाच्या कणीसारखे पांढरे तुकडे दिसले तर तो पट्टकृमी. मुंग्या आणि भुंगे खाल्ल्यानं तो पोटात जातो आणि पायपरेझिनला जुमानत नाही. शंका असेल तर सकाळची ताजी विष्ठा डबीत घालून पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या. मिठाच्या संपृक्त पाण्यात ती ढवळली की जंतांची अंडी हलकी म्हणून वर तरंगतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली सापडतात. औषध दिल्यावर अंडी किती दिवस खायची नाहीत, हेही तिथेच विचारा. हळद-लसणानं नुकसान नाही, पण जंत पाडायला त्यांच्यावर विसंबू नये.

आमच्या खुराड्यातली पोकळ बांबूची दांडी आता काढली, गुळगुळीत लाकडाची बसवली. तिच्या खाली खोक्याच्या नळीदार पुठ्ठ्याची पट्टी बांधली आहे. कोळ्यांना त्या नळ्या लपायला फार आवडतात. दर रविवारी पट्टी सोडून पांढऱ्या कागदावर झटकतो. पहिल्या रविवारी मोजणं सोडून दिलं होतं. या रविवारी सात निघाले, त्यातले दोन लाल.