४५ अंशांच्या मुलखात आइस बाथ

जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांना टेकतो. अशा हवेत बी.एस्सी.च्या विद्यार्थ्याला ॲनिलीन या सेंद्रिय द्रवापासून ॲझो रंग (कृत्रिम रंगांचा एक प्रकार) करायचा, तर मिश्रण ० ते ५ अंशांत धरून ठेवावं लागतं. ते तापलं की रंगाआधी त्यात तयार होणारा नाजूक डायझोनियम क्षार मोडतो, नायट्रोजन बुडबुड्यांतून निघून जातो आणि रंग बिघडतो. म्हणून बीकरभोवती कुटलेला बर्फ आणि खडेमीठ, म्हणजेच आइस बाथ.

गारव्यासाठी आधी बर्फच हवा, असं मात्र नव्हतं. अकबराच्या पदरी पाणी शोऱ्याने (पोटॅशियम नायट्रेट) गार करत. शोरा विरघळताना पाण्यातली उष्णता ओढून घेतो. त्या द्रावणात पिण्याच्या पाण्याची बंद बाटली हलवत राहायची. हे ‘ऐन-ए-अकबरी’त नोंदवणारा अबुल फजल पुढे असीरगडच्या मोहिमेसाठी खानदेशातच होता. १६०१ मध्ये गड पडला आणि खानदेश मोगलांकडे गेला. तिकडे इटलीत देल्ला पोर्ताने १५८९ मध्ये बर्फ आणि शोरा वापरून वाइन गोठवण्याची कृती छापली होती. फॅरनहाइटने १७२४ मध्ये आपल्या मापनाचा शून्य ठरवला तो बर्फ, पाणी आणि नवसागराच्या (अमोनियम क्लोराइड) मिश्रणावर.

मीठ स्वतः काही गार करत नाही. ते गोठणबिंदू खाली आणतं, त्यामुळे बर्फाला शून्याखालीही वितळणं भाग पडतं आणि दर ग्रॅममागे सुमारे ८० कॅलरी तो आजूबाजूने घेतो. पॉट आइस्क्रीमवाल्याचं गणित हेच. तीन भाग बर्फाला एक भाग मीठ घेतलं तर उणे २१ अंशांपर्यंत जाता येतं, पण ते पुस्तकात. आपल्याकडच्या उन्हात त्याच्या बऱ्याच अलीकडे थांबावं लागतं. मिठाऐवजी सजल (स्फटिकात पाणी असलेलं) कॅल्शियम क्लोराइड उणे ४० पर्यंत नेतं. निर्जल घेऊ नये, ते विरघळताना उलट तापतं. केवळ शून्य अंश हवा असेल तर मीठ नको, बर्फात थोडं पाणी घालावं. नुसत्या बर्फाच्या खड्यांच्या फटींत हवा राहते आणि बीकर नीट गार होत नाही.

आपल्याकडे परदेशातून बर्फ आला तो फार उशिरा: अमेरिकेतल्या तळ्यांचा बर्फ १८३३ मध्ये जहाजाने कलकत्त्याला उतरला. जवळपास त्याच वेळी, १८३५ मध्ये, पॅरिसला तिलोरिएने घन कार्बन डायऑक्साइड मिळवला. ॲसिटोनसोबत तो उणे ७८ अंश देतो.

हा कोरडा बर्फ लहान गावात सहज मिळत नाही. द्रव नायट्रोजन मात्र तालुक्यापर्यंत पोचलाय, गुरांच्या कृत्रिम रेतनामुळे! उणे १९६ अंशांचा हा द्रव इथिल ॲसिटेटमध्ये ढवळत ओतला, तर उणे ८४ अंशांचा रबडा तयार होतो. खोलीत वारा खेळता हवा आणि भांड्याचं तोंड कधीही घट्ट बंद करायचं नाही.