डिजिटल साठवणुकीची एकके व त्यांचे रूपांतर

संगणकातील माहिती किती जागा व्यापते हे बिट, बाइट आणि बाइटच्या चढत्या पटींत, म्हणजे केबी, एमबी, जीबी, टीबीमध्ये (किलोबाइट, मेगाबाइट, गिगाबाइट, टेराबाइट) मोजतात. एका एककातला आकडा दुसऱ्यात मांडायचा तर हिशेब साध्या गुणाकार-भागाकाराचा. मात्र 'किलो' म्हणजे १००० की १०२४, हे आधी ठरवावे लागते आणि घोळ तिथेच होतो.

बिट म्हणजे ० किंवा १. आठ बिटांचा एक बाइट. 'बाइट' हा शब्द आयबीएममधील वर्नर बुखोल्ट्झ यांनी १९५६ मध्ये घडवला. इंग्रजी अक्षराला एक बाइट पुरतो. अक्षरे बाइटांत साठवण्याच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन लागतात, शिवाय काना-मात्रा वेगळ्या मोजल्या जातात. त्यामुळे रोमन लिपीत पाच बाइटांत मावणारे 'ठाणे' आपल्या लिपीत बारा बाइट घेते: ठ, काना, ण, मात्रा.

मेमरी चिपमधल्या प्रत्येक जागेला पत्ता असतो आणि पत्त्यासाठीची एकेक तार वाढली की पत्ते दुपटीने वाढतात. अशा दहा तारा असल्या की १०२४ जागा होतात. हा आकडा हजाराच्या जवळचा, म्हणून अभियंत्यांनी त्यालाच किलो म्हणून टाकले. हार्ड डिस्कवाले मात्र सरळ हजाराने मोजत राहिले. एकाच नावाची दोन मापे आपल्याला नवी नाहीत. कच्चा शेर आणि पक्का शेर असेच नांदत होते, १९५६ च्या वजनमाप कायद्याने दशमान पद्धत आणेपर्यंत. संगणकाच्या बाबतीत आयईसी या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९९८ मध्ये १०२४ च्या पटींना किबी, मेबी, गिबी अशी वेगळी नावे दिली. ती बोलण्यात फारशी रुळली नाहीत. विंडोज आजही १०२४ ने भागून खाली 'जीबी'च लिहिते. मॅकने २००९ पासून हजाराचा हिशेब धरला. फ्लॉपीने तर कहर केला होता: तिचे '१.४४ एमबी' म्हणजे १.४४ गुणिले १००० गुणिले १०२४ बाइट, अर्धे एका मापाचे, अर्धे दुसऱ्या.

किलोला २.४ टक्के असलेली तफावत टेराला दहा टक्क्यांच्या घरात जाते. ठाणे स्टेशनबाहेरून १ टीबीची डिस्क घेऊन घरी जोडली की विंडोजवर ९३१ जीबी दिसतात आणि गिऱ्हाईक परत दुकानात. "फॉरमॅटिंगमध्ये जाते" असे सांगून दुकानदार मोकळा होतो, पण हे उत्तर जवळजवळ चूकच आहे. १ टीबी म्हणजे एक लाख कोटी बाइट. १०२४ ने एकदा भागले की ९७.६६ कोटी, दुसऱ्यांदा सुमारे ९.५४ लाख, तिसऱ्यांदा ९३१. डिस्कमधला बाइटही कमी झालेला नसतो. याच रीतीने ५०० जीबीचे ४६५ आणि ६४ जीबीचे ५९.६ होतात.



बिट आणि बाइट यांतली गल्लत याहून महागात पडते, कारण तिथे फरक थेट आठपट आहे. वेग बिटांत सांगतात, साठा बाइटांत. १०० एमबीपीएसच्या (सेकंदाला १०० मेगाबिट) ब्रॉडबँडवर सेकंदाला फार तर १२.५ एमबी उतरतात. घोडबंदर रोडवरच्या एखाद्या सोसायटीने १६ कॅमेरे बसवले आणि प्रत्येक २ एमबीपीएसने चित्रण करतो असे धरू. दिवसाचे सेकंद ८६,४००. गुणिले २, भागिले ८, म्हणजे एका कॅमेऱ्याचे रोजचे २१.६ जीबी, सोळांचे ३४५.६. डीव्हीआरमधली (चित्रण साठवणाऱ्या यंत्रातली) ४ टीबीची डिस्क साडेअकरा दिवसांत भरते आणि जुने चित्रण पुसले जाऊ लागते. आठने भागायचे राहिले तर हाच अंदाज दीड दिवसाचा निघतो. महिनाभराचे चित्रण हवे असेल तर १०.४ टीबी लागतील. १० टीबीच्या डिस्कवर तिसावा दिवस बसत नाही.