इन्सर्ट की सेंड: रिव्हर्ब नेमका कुठं लावायचा

सप्त्यात मिक्सरवर बसलेल्या माणसाचे हात एकदा नीट बघा. महाराजांच्या माइकचं बास-ट्रेबल तो फिरवतो तेव्हा त्यांचा सगळा आवाज त्या बटणांतूनच पुढं जातो. पण मागून कुणी "इको वाढव रे" म्हणून ओरडलं की त्याचा हात दुसऱ्याच बटणावर जातो. त्या बटणानं आवाजाची फक्त एक नक्कल इकोकडं जाते, तिथून घुमून येते आणि मूळ आवाजात मिसळते. मूळ आवाज तोवर आपल्या वाटेनं स्पीकरकडं गेलेलाच असतो.

पहिली वाट म्हणजे इन्सर्ट, दुसरी म्हणजे सेंड. रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरनं हे दोन्ही शब्द जुन्या मिक्सरवरूनच घेतले. लातूर-नांदेडकडची बरीच पोरं आता घरच्या खोलीत, लॅपटॉप आणि एका माइकवर अभंग, गवळणी, भारुडं रेकॉर्ड करतात. गळा चांगला असतो, मृदंग जुळलेला असतो, आणि तरी मिक्स चिखलासारखं होतं. कारण बहुतेक वेळा हेच असतं: रिव्हर्ब, म्हणजे आवाजाला मोठ्या जागेतली घुमट देणारा इफेक्ट, चुकीच्या वाटेवर बसलेला असतो.

माझ्या पहिल्या भजनाचं असंच झालं. गायक, पेटी, मृदंग, टाळ, मागचे चौघे असे आठ ट्रॅक होते आणि प्रत्येकावर मी वेगळा रिव्हर्ब इन्सर्ट केला होता. ऐकताना गायक दगडी गाभाऱ्यात वाटायचा, पेटी पत्र्याच्या सभामंडपात, आणि टाळ कुठंतरी लांब विहिरीत. एका सतरंजीवर बसून गायलेली माणसं आठ ठिकाणी विखुरली. शिवाय आठ रिव्हर्ब एकदम चालवताना लॅपटॉपमधून चरचर यायला लागली, ती वेगळीच.

तेव्हापासून मी एकच प्रश्न विचारतो: हा प्लगइन (सॉफ्टवेअरमध्ये लावायचा इफेक्ट) आवाजच बदलतोय, की आवाजाला जागा देतोय? ईक्यू आवाजातला गढूळपणा काढतो, कंप्रेसर लहान-मोठा आवाज एका पातळीत आणतो. इथं मूळ आवाज शिल्लक राहून उपयोग नाही, तो सगळाच त्यातून जायला हवा. म्हणून इन्सर्ट. रिव्हर्ब मात्र जागा आहे, आणि जागा सगळ्यांची एकच असते. म्हणून सेंड.

इन्सर्टमध्ये क्रमही महत्त्वाचा. रिव्हर्बच्या खाली, म्हणजे त्याच्यानंतर, कंप्रेसर बसला तर गायक श्वास घ्यायला थांबला की कंप्रेसर ढील देतो आणि मागची घुमट वर येते. शब्द त्यात बुडतात.

रीपर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये सेंड असं करा. नवा ट्रॅक घ्या, नाव द्या 'देऊळ'. त्याच्या एफएक्स बटणातून रिआव्हर्बेट हा रिव्हर्ब लावा, तो रीपरसोबतच येतो. मग गायकाच्या ट्रॅकवरचं राउट बटण माउसनं ओढून 'देऊळ'वर सोडा. सेंड तयार. पेटी, मृदंग, कोरस यांचंही तसंच करा आणि कुणाला किती पाठवायचं ते सेंडच्या फेडरवर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या सरकपट्टीवर, ठरवा.

नवा माणूस अडखळतो तो पुढच्या गोष्टीवर. 'देऊळ'वरच्या रिव्हर्बचा ड्राय, म्हणजे कोरा आवाज, पूर्ण खाली हवा, फक्त वेट, म्हणजे घुमलेला आवाज, चालू. ड्राय राहिला तर कोरा आवाज दोन वाटांनी येतो. सेंड वाढवला की घुमटीबरोबर गायकच मोठा होत जातो. ज्या प्लगइनमध्ये एकच मिक्स बटण असतं तिथं ते सेंडवर १००% ठेवायचं. इन्सर्टवर मात्र तेच १००% ठेवलं तर मूळ गळा नाहीसा होतो आणि नुसती घुमट उरते.

एफएल स्टुडिओ हे दुसरं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांचा गोंधळ वेगळा. तिथं मिक्सरच्या ट्रॅकचंच नाव 'इन्सर्ट १', 'इन्सर्ट २' असं असतं. त्या नावाचा आपल्या विषयाशी संबंध नाही. गायकाचा ट्रॅक निवडा आणि रिव्हर्बच्या ट्रॅकखालचा बाण दाबा, झाला सेंड.

सेंड पोस्ट-फेडर ठेवा, म्हणजे गायकाचा फेडर खाली घेतला की त्याची घुमटही कमी होते. प्री-फेडरमध्ये गायकाचा फेडर पूर्ण खाली घेतला तरी घुमट मागं राहते. सुरुवातीला प्री-फेडर लागत नाही.

प्लगइन यादीत दिसतच नसेल तर आधी ते सोडवा. विंडोजवर व्हीएसटी३ या प्रकारच्या प्लगइनची ठरलेली जागा सी ड्राइव्हच्या प्रोग्रॅम फाइल्समध्ये, कॉमन फाइल्सच्या आत, व्हीएसटी३ नावाच्या फोल्डरात असते. तिथं फाइल आहे का पाहा आणि सॉफ्टवेअरला पुन्हा स्कॅन करायला लावा.

एकटाच गळा आणि तंबोरा असेल, तर रिव्हर्ब इन्सर्ट करून मिक्स १५-२०% ठेवलं तरी काही बिघडत नाही. भजनी मंडळाला मात्र सेंडच. त्याचा आणखी एक फायदा मला फार मोलाचा वाटतो: 'देऊळ' ट्रॅकवर रिव्हर्बच्या आधी ईक्यू लावून २०० हर्ट्झच्या खालचं कापता येतं. कणीक लावलेल्या डाव्या पुडीचा घुमारा मृदंगाच्या मूळ ट्रॅकवर पूर्ण राहतो, पण रिव्हर्बमध्ये शिरून शब्द झाकत नाही. टाळांना सेंड अगदी थोडा द्या. त्यांची झणझण आधीच लांबते.