'सीई' म्हणजे 'चायना एक्सपोर्ट' नव्हे

'सीई' (CE) म्हणजे वस्तू युरोपियन युनियनच्या नियमांत बसते असं सांगणारं चिन्ह. चार्जरवर त्यातली सी आणि ई अक्षरं चिकटून असली तर ते 'चायना एक्सपोर्ट', लांब असली तर खरं युरोपियन, हा फॉरवर्ड वर्षानुवर्षं फिरतो आहे. 'चायना एक्सपोर्ट' नावाचं अधिकृत चिन्हच नाही. अक्षरांचं प्रमाण मात्र ठरलेलं आहे: दोन्ही वर्तुळांचे भाग, उंची सहसा किमान 5 मिमी. अक्षरं चिकटली असतील तर छपाई चुकली किंवा चिन्ह बेकायदा लावलं, इतकंच. उलट, नीट आखलेलं चिन्हही खोटं असू शकतं. छापायला काय लागतं?

मूळ गैरसमज याहून मोठा आहे. सीई हा सरकारी चाचणीचा शिक्का नाही. चार्जरसारख्या बहुतेक वस्तूंवर तो उत्पादक स्वतःच लावतो. जोखीम तपासून, तांत्रिक कागदपत्रं बनवून, अनुरूपतेच्या घोषणापत्रावर (वस्तू नियमांत बसते असं लिहून देणाऱ्या कागदावर) सही करून. कागदपत्रं 10 वर्षं जपावी लागतात. जास्त जोखमीच्या वस्तूंना अधिसूचित संस्था, म्हणजे सरकारने नेमलेली स्वतंत्र तपासणी संस्था, लागते. उत्पादनाच्या प्रक्रियेवर तिची देखरेख असेल तर चिन्हाशेजारी तिचा चार अंकी क्रमांक येतो. कपडे, साध्या फर्निचरला सीई लागतच नाही.

अमेरिकेत वेगळं. 12 वर्षांपर्यंतच्या मुलांच्या वस्तूंना 2008 च्या कायद्याने मान्यताप्राप्त त्रयस्थ प्रयोगशाळेची चाचणी लागते. रंगात शिसं 90 पीपीएमच्या (दहा लाखांत 90 भागांच्या) आत. विजेच्या उपकरणांवरचं 'यूएल' हे सुरक्षा चिन्ह मात्र खाजगी संस्थेचं.

म्हणून अक्षरांमधलं अंतर मोजत बसू नका. उत्पादकाचं नाव, पत्ता, मॉडेल क्रमांक पाहा आणि घोषणापत्र मागा. त्यावरचा मॉडेल क्रमांक वस्तूशी जुळला नाही, तर तो कागद दुसऱ्याच वस्तूचा आहे.